विवाहाचें वचन व स्मृतिभ्रंशाचा आजार

शास्त्रपाठ: होशेय २:१९-२०, यशया ४९:१४-१६, मत्तय १९:३-८, इफिसकरांस ५:२५-३१, गलतीकरांस ६:२-५.

पाठाचा मुख्य विचार: विवाहाचें वचन सोबत्याच्या स्मरणशक्तीवर उभें नाहीं; तें देवासमोर बोललेल्या शब्दावर उभें आहे, आणि तें पाळण्यास मंडळीनें हात दिला पाहिजे.



विवाह लावतांना पाळक वरास एक प्रश्न विचारतो व वधूसही तोच विचारतो. त्या वेळीं मंडपांत गडबड असते. वाजंत्री थांबवावी लागते, मुलें रडत असतात, आणि वराचें लक्ष पुष्कळदां शब्दांपेक्षां नव्या कोटाकडेच अधिक असतें. तो "होय" म्हणतो. त्या एका शब्दांत काय काय आलें हें त्याला कित्येकदां तीस-चाळीस वर्षांनंतर कळतें. आजचा पाठ त्या "होय" विषयीं आहे.

माझ्याकडे सोंपविलेल्या मंडळ्यांपैकीं एका गांवीं एक शेतकरी बंधु आहेत. वय सत्तरीच्या पुढें. त्यांची पत्नी कांहीं वर्षांपासून स्मृतिभ्रंशाच्या आजारानें पीडित आहे. आरंभीं भाजींत मीठ दोनदां पडूं लागलें; मग चुलीवर तवा तसाच तापत राहूं लागला; मग विहिरीवर गेलेली बाई घराची वाट विसरली. आतां ती नवऱ्यास ओळखत नाहीं. सायंकाळ झाली कीं ती ओट्यावर येऊन बसते आणि त्यांनाच विचारते, "पाव्हणं, आमचे मालक अजून शेतांतून आले नाहींत. तुम्हांला वाटेंत भेटले का?" पहिल्या वर्षीं ते म्हणत, "अगं, मीच तो." मग ती भिई, रागावे, परका मनुष्य घरांत शिरला म्हणून शेजाऱ्यांस हांका मारी. आतां ते म्हणतात, "येतील इतक्यांत. तोंवर मी बसतों तुमच्यापाशीं."

त्यांच्या भावांनीं त्यांस सांगितलें, "तिला माहेरीं पोंचवा. अशा बाईशीं संसार कसला? घरांत करणारें कोणीतरी आणा." तेव्हां ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाळकसाहेब, तिला मी ठाऊक नाहीं. मग मी आतां कोणाचा नवरा?"

त्या वेळीं मीं काय केलें तें सांगतों, कारण तें लपविलें तर हा पाठ खरा होणार नाहीं. मीं इफिसकरांस पत्राचा पांचवा अध्याय वाचला, प्रार्थना केली, चहा घेतला, आणि पुढच्या गांवीं गेलों. प्रश्न मात्र त्या ओट्यावर तसाच राहिला. त्यानंतर चार रविवार ते उपासनेस आले नाहींत, आणि ते कां आले नाहींत हें मंडळींतील कोणीं विचारलें नाहीं, मींही नाहीं. खालील विवेचन हें त्या प्रश्नाला माझें दुसरें, उशिराचें उत्तर आहे.

१. हा आजार काय आहे

उपदेशकांनीं प्रथम हें नीट समजून घ्यावें. गांवांत याविषयीं तीन गोष्टी बोलल्या जातात, आणि तिन्ही चुकीच्या आहेत. कोणी म्हणतात, हा म्हातारचळ आहे. साठी बुद्धि नाठी. हंसून सोडून द्यावें. कोणी म्हणतात, करणी झाली आहे, भगताकडे न्या. आणि आमच्या ख्रिस्ती लोकांतही कोणी कुजबुजतात कीं कांहीं गुप्त पाप असेल, त्याची ही शिक्षा. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं प्रभूस असाच प्रश्न केला होता, आणि त्याचें अथवा त्याच्या आईबापांचें पाप हें कारण नव्हे असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें (योहान ९:१-३). तोच नियम येथें लावावा.

स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. त्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांत सर्वांत अधिक आढळतो तो आल्झायमरचा. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं एका पुरुषानें आपल्या सुमारें पन्नास वर्षांच्या पत्नीस रुग्णालयांत ठेविलें. डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनीं तिला तपासलें. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यांनीं तिच्या मेंदूची परीक्षा करून त्यांतील बिघाड त्याच वर्षीं इतर डॉक्टरांपुढें मांडला, आणि १९१० सालीं या आजारास त्यांचें नांव मिळालें. म्हणजे या आजाराच्या पहिल्या प्रसिद्ध नोंदींतही एक पति व एक पत्नीच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणें २०२१ सालीं जगांत ५ कोटी ७० लक्ष लोकांस स्मृतिभ्रंश होता. आपल्या देशांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष लोकांस तो आहे असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, म्हणजे अशा शंभर वृद्धांत सातांहून अधिक. आणि तो पुरुषांपेक्षां स्त्रियांत, शहरांपेक्षां खेड्यांत अधिक आढळला. तेव्हां ही दूरच्या देशाची गोष्ट आहे असें कोणीं समजूं नये.

या आजारांत मेंदूंतील पेशी हळूहळू मरत जातात. बहुधा नवें स्मरण आधीं जातें व जुनें मागून. सकाळीं काय खाल्लें हें आठवत नाहीं, परंतु माहेरच्या विहिरीचें पाणी कसें लागे तें आठवतें. आल्झायमरचा आजार समूळ बरा करणारें औषध आजपर्यंत मिळालेलें नाहीं. कांहीं औषधांनीं त्रास थोडाफार कमी होतो. तथापि विसर पडला कीं तो आल्झायमरच, असें घरच्या घरीं ठरवूं नये. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईड ग्रंथीचा बिघाड, मनाची खिन्नता, कांहीं औषधांचा परिणाम, डोक्यास मार लागून आंत सांठलेलें रक्त, यांमुळेंही बुद्धि मंदावते, आणि यांतील पुष्कळ गोष्टींवर उपाय आहे. एकाएकीं दोन दिवसांत भ्रम झाला तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्गही असूं शकतो. म्हणून प्रार्थना करा आणि रोग्यास डॉक्टरकडे न्या. एकासाठीं दुसरें टाळूं नका.

२. आपण काय वचन दिलें

इंग्लंडच्या मंडळीच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकांत विवाहाचें जें वचन घातलें आहे, त्याचाच आशय आज आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या विवाहविधींत आहे. बरे दिवस असोत वा वाईट, संपत्ति असो वा दारिद्र्य, आजार असो वा आरोग्य, मरणानें वेगळें करीपर्यंत मी या मनुष्यावर प्रीति करीन व त्यास जपेन, असा त्याचा अर्थ आहे. या वचनांतील तीन गोष्टी ध्यानांत घ्या.

पहिली: वर "मी" म्हणतो आणि वधूही "मी" म्हणते, "तूं असें केलेंस तर मी असें करीन" असें दोघांपैकीं कोणीच म्हणत नाहीं. शेत बटाईनें देतांना कागद वेगळा असतो. तुम्ही बियाणें द्या, मी मेहनत करतों. तुम्ही बियाणें दिलें नाहीं तर मी मोकळा. विवाह हा बटाईचा कागद नव्हे. आपला अर्धा वांटा उचलण्यास ती समर्थ राहिली नाहीं म्हणून त्याचा "होय" मागें घेतला जात नाहीं.

दुसरी: आजार हा शब्द तेथें उगाच घातलेला नाहीं, आणि शरीराचा आजार चालेल पण मनाचा चालणार नाहीं अशी सवलत त्यांत ठेविलेली नाहीं. लंगड्या नवऱ्यास सांभाळणें जसें त्यांत आलें, तसें विसरलेल्या बायकोस सांभाळणेंही आलें.

तिसरी: त्या वचनाला मर्यादा एकच आहे, ती मरणाची. ओळख नाहींशी होईपर्यंत, किंवा प्रीतीची परतफेड मिळते तोंपर्यंत, अशी मर्यादा त्यांत नाहीं.

देवानें आपल्या लोकांशीं असेंच वचन केलें. होशेयाच्या पुस्तकांत देव विसरभोळ्या इस्राएलास पुनः वाग्दत्त करून घेतो, आणि तें कायमचें. यशयाच्या ४९ व्या अध्यायांत सीयोन म्हणते कीं प्रभूनें मला टाकलें. त्यावर देव उत्तर देतो कीं आई एक वेळ तान्ह्या मुलास विसरेल, परंतु मी विसरणार नाहीं. मीं तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेविलें आहे. इस्राएल तर जाणूनबुजून विसरलें होतें. ही बहीण तर आजारानें विसरली आहे. जो देव पहिल्यांस सोडीत नाहीं तो हिला सोडील काय?

३. "हें मरणासारखेंच आहे" असें म्हणणारांस उत्तर

२०११ सालीं अमेरिकेंतील प्रसिद्ध दूरचित्रवाणी-उपदेशक पॅट रॉबर्टसन यांस एकानें विचारलें कीं बायकोस आल्झायमर झालेल्या माझ्या मित्राला मीं काय सांगावें. त्यांनीं उत्तर दिलें कीं तिच्या सेवेची सोय करून देऊन त्यानें घटस्फोट घ्यावा व पुनः आरंभ करावा. कारण हा आजार एक प्रकारचें मरणच आहे. पुष्कळ ख्रिस्ती शिक्षकांनीं याचा निषेध केला. परंतु आपण नुसता निषेध करून थांबूं नये. हा विचार आपल्याही गांवांत दुसऱ्या शब्दांनीं बोलला जातो, म्हणून त्याला उत्तर दिलें पाहिजे.

ज्याच्या घरीं हा आजार आहे त्यास तें मरणासारखें वाटतें, हें खरें आहे. ज्या बाईशीं आपण चाळीस वर्षें सुखदुःख बोललों ती बोलेनाशी होते. हें दुःख मोठें आहे, आणि उपदेशकानें तें लहान करूं नये. परंतु मरणासारखें असणें व मरण असणें यांत अंतर आहे. जी थंडीनें कांपते, जिला भूक लागते, जी रात्रीं भिते, आणि कोणी हात धरला कीं शांत होते, ती मेलेली नाहीं. तिला पुरण्याच्या आधींच तिचा शोक करून तिला सोडून देणें हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि आमच्या त्या बहिणीचेंच पाहा. ती नवऱ्यास विसरली असें आपण म्हणतों. परंतु सायंकाळीं ती कोणाची वाट पाहते? तिचें नवें स्मरण गेलें, जुनें राहिलें. तिच्या मनांतला नवरा काळ्या केसांचा, खांद्यावर नांगर घेतलेला आहे. समोरचा पिकलेल्या केसांचा मनुष्य तिला ओळखूं येत नाहीं, इतकेंच. तिनें आपला "होय" मोडलेला नाहीं. ज्याला तिनें तो दिला त्याचीच ती वाट पाहत आहे. मग ज्यानें तो घेतला त्यानें ओट्यावरून उठून जावें काय?

कोणी कायद्याचें नांव घेतील. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यांत २००१ सालीं दुरुस्ती झाली. त्याप्रमाणें जोडीदाराचें मन बरें न होण्याजोगें बिघडलें असून ती स्थिति अर्जापूर्वीं निदान दोन वर्षें सतत राहिली असेल, तर न्यायालयापाशीं घटस्फोट मागतां येतो. स्मृतिभ्रंश त्यांत बसतो कीं नाहीं हें न्यायालय ठरवील. परंतु कायदा परवानगी देतो, आज्ञा करीत नाहीं. मोशेनें दिलेल्या सूटपत्राविषयीं प्रभूनें हेंच सांगितलें कीं तें लोकांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळें दिलें होतें, आरंभापासून तसें नव्हतें. आणि जे म्हणतात कीं पहिली असूं द्या, दुसरी आणा, त्यांनीं हें जाणावें कीं तें ख्रिस्ती मनुष्यास देवाच्या नियमानेंही वर्ज्य आहे व सरकारच्या कायद्यानेंही गुन्हा आहे.

४. वचन पाळणाऱ्या एका मनुष्याचें उदाहरण

रॉबर्टसन मॅक्विल्किन हे जपानांत बारा वर्षें मिशनरी होते. १९६८ पासून ते अमेरिकेंत दक्षिण कॅरोलायना प्रांतांतील कोलंबिया बायबल कॉलेजाचे अध्यक्ष होते. त्यांची पत्नी म्यूरिअल हिला आल्झायमरचा आजार झाला. ती नवरा जवळ असला कीं शांत असे. तो दृष्टीआड झाला कीं घाबरे. ते कॉलेजांत गेले कीं ती त्यांच्या मागें चालत निघे, दिवसांतून कित्येकदां. एके रात्रीं तिचे जोडे काढतांना त्यांस तिचे पाय रक्ताळलेले दिसले. १९९० सालीं निवृत्तीस अजून अवधि असतांना त्यांनीं तें पद सोडलें व तिची सेवा पत्करली. त्यांनीं दिलेलें कारण साधें होतें. बेचाळीस वर्षांपूर्वीं मीं वचन दिलें होतें. तिनें इतकीं वर्षें माझी सेवा केली, आतां माझी पाळी आहे. आणि हें मी केवळ कर्तव्य म्हणून करीत नाहीं, माझी तिच्यावर प्रीति आहे. २००३ सालीं ती वारली, तोंपर्यंत त्यांनीं तिला सांभाळलें.

येथें आमच्या पुरुषांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा. स्त्रीनें आजारी नवऱ्याचें मलमूत्र काढलें तर गांवांत त्याची कोणी गोष्ट करीत नाहीं. तें तिचें कामच, असें म्हणतात. पुरुषानें आजारी बायकोची वेणी घातली तर अर्धें गांव हंसतें आणि अर्धें त्याला संत म्हणतें. दोन्ही चूक. दोघांनीं एकच वचन दिलें. इफिसकरांस पत्र तर पतीसच सांगतें कीं ख्रिस्तानें मंडळीवर जशी प्रीति केली, स्वतःस तिच्यासाठीं देऊन, तशी तूं कर.

५. हें वचन एकट्यानें पाळावयाचें नाहीं

आतां माझ्या चुकीकडे येतों. त्या बंधूंस प्रीति कां करावी हें मीं वाचून दाखविलें. परंतु त्यांस त्या दिवशीं अडचण होती ती अशी कीं पंपाची वीज रात्रीं येते, आणि पत्नीस घरांत एकटी टाकून गव्हाला पाणी देण्यास जातां येत नव्हतें. गहूं वाळत होता. ते रविवारीं आले नाहींत, कारण तिच्यापाशीं बसण्यास कोणी नव्हतें. विवाहाच्या दिवशीं मंडळी साक्षीदार म्हणून उभी असते. साक्षीदार जेवून घरीं गेले कीं त्यांचें काम संपलें, असें समजणारी मंडळी गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय विसरली आहे. तिचा विसर आजाराचा नाहीं. म्हणून तिला क्षमा मागावी लागेल.

उपदेशकांनीं व वडिलांनीं आपल्या मंडळींत पुढील गोष्टी कराव्या:

(अ) असें घर असेल तेथें आठवड्यांतून ठरलेल्या दिवशीं दोन तास कोणीतरी बसावें, म्हणजे सेवा करणाऱ्यास झोंप, बाजार किंवा उपासना मिळेल.

(आ) रोग्याशीं वाद घालूं नये. तिची चूक सिद्ध करून कोणाचें भलें होत नाहीं. हळू, थोडक्यांत, तोंडासमोर येऊन बोलावें.

(इ) जुनीं भजनें म्हणावीं. पुष्कळ रोग्यांत बोलणें गेल्यावरही गाणें कांहीं काळ राहतें.

(ई) विहीर, चूल, औषधें व विळा-कोयता यांचा बंदोबस्त करावा. रात्रीं दिवा ठेवावा. अंगावरच्या कपड्यास घरच्यांचें नांव व मोबाईलचा क्रमांक शिवून द्यावा. रोग्यास बांधून ठेवूं नये व मारूं नये.

(उ) मुलांस त्यांचें कर्तव्य सांगावें. आईबापांचा सांभाळ करणें ही देवाची आज्ञा आहे, आणि २००७ च्या कायद्यानेंही तें मुलांवर बंधनकारक आहे. वृद्धांच्या साहाय्यासाठीं सरकारची १४५६७ ही दूरध्वनीची सोय आहे.

आणखी एक सांगतों. कोणाचें शरीर थकून जातें, किंवा रोगी मारावयास उठतो, आणि शेवटीं रुग्णालयांत अथवा सेवागृहांत ठेवावें लागतें. अशा मनुष्यानें वचन मोडलें असें म्हणूं नका. जो तेथें जाऊन तिच्यापाशीं बसतो व तिची चौकशी ठेवतो तो वचन पाळीतच आहे. वचन मोडतो तो, जो तिला सोंपवून तिचें नांव टाकतो.

आमच्या त्या बंधूंच्या घरीं आतां मंगळवारीं व शुक्रवारीं दोन बहिणी जातात, आणि रात्रीं पाणी देण्याची पाळी असली कीं मंडळींतील एक तरुण ओट्यावर निजतो. बाईचा आजार बरा झालेला नाहीं. तो वाढतच आहे. परंतु गेल्या महिन्यापासून ते तिला घेऊन उपासनेस येतात. ती टिळकांचें भजन सर्वांबरोबर म्हणते, आणि भजन संपलें कीं शेजारीं बसलेल्या नवऱ्यास विचारते, "पाव्हणं, आमचे मालक आले का?" ते म्हणतात, "आले आहेत." मीं त्यांस दिलें त्याहून तें उत्तर चांगलें आहे. तुम्ही कोणाचे नवरे, हें तिला सांगतां येत नसलें तरी विवाहाच्या नोंदवहींत तें लिहिलेलें आहे, तुमच्या मुखानें तें बोललें गेलें आहे, आणि देवाच्या स्मरणांतून तें गेलेलें नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या विवाहाच्या वेळीं आपण काय वचन दिलें तें पति-पत्नींनीं आज रात्रीं एकमेकांस आठवून सांगावें. कोणता भाग विसरला होता?

२. विवाहाचें वचन व बटाईचा कागद यांत काय भेद आहे?

३. आपल्या मंडळींतून कोण एकाएकीं दिसेनासें झालें आहे? त्यांच्या घरीं कोण आजारी आहे? या आठवड्यांत कोण जाईल?

प्रार्थना: हे प्रभो, तूं आम्हांस विसरत नाहींस. ज्या घरांत आज एक मनुष्य दुसऱ्यास ओळखत नाहीं, तेथें तूं दोघांसही ओळखतोस. सेवा करणाऱ्यास बळ दे, थकलेल्यास झोंप दे, आणि आम्ही जे साक्षीदार होतों त्या आम्हांस उठून त्यांच्या दारीं जाण्याची बुद्धि दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें. आमेन.